स्लॅबच्या कडेची चिकट मेम्ब्रेन: पट्टी का निघते आणि ती लावायची कशी

रोहिणी लागल्या की तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात चंदेरी पट्टीचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट मेम्ब्रेनचे, रोल दाराशी येतात. लोक एक रोल घेऊन जातात, रविवारी दुपारी स्लॅबवर चढून कडेने चिपकवतात आणि खाली उतरून चहा पितात. पोळ्यापर्यंत तीच पट्टी कडेला फडफडत असते. मग गावात एकच निष्कर्ष निघतो, 'माल बोगस होता'. अशा बऱ्याच पट्ट्या मी उचलून पाहिल्या. बहुतेकींच्या पोटाला माती, चुना नाहीतर रेती लागलेली होती. म्हणजे पट्टी चिकटली होती, पण धुळीला. स्लॅबपर्यंत ती पोचलीच नव्हती.

कडेसाठी इतका खटाटोप कशाला, याचा हिशोब करून बघा. घरकुल योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं. त्यावर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे तो पडतोच, तर स्लॅबवर १२५० लिटर पाणी येतं. ते सगळं कडेवरूनच उतरतं. कड नीट नसेल तर पाणी स्लॅबच्या पोटाकडे वळतं, तिथून भिंतीवर येतं आणि भिंतीवरून पायव्याच्या काळ्या मातीत जातं. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आटते, आणि त्या ओढाताणीत भिंतीला तडे जातात.

खाली मुख्यतः स्लॅबच्या घराबद्दल लिहिलं आहे. टिनाच्या छपराचं शेवटी थोडक्यात येईल. काम काढण्याआधी सगळे टप्पे वाचून घ्या, कारण टप्पा ८ आणि ९ मधली काही कामं पट्टीच्या आधीची आहेत.

## १. गळती नेमकी कुठून, ते आधी ठरवा

ओल जिथे दिसते तिथूनच पाणी शिरलं असेल असं नाही. आढ्याचं पाणी वळचणीला जातं, तसंच स्लॅबमधलं पाणीही उतार धरून दुसरीकडे निघतं. चार जागा तपासा.

पहिली, कठडा आणि स्लॅब यांचा सांधा. दुसरी, कठड्याचा माथा. सांध्यावर दोनदा पट्टी मारूनही ओल जात नसेल तर बहुतेक वेळा पाणी कठड्याच्या डोक्यावरच्या तड्यातून विटांमध्ये उतरत असतं. माथा आधी प्लास्टर करून त्याला आतल्या बाजूला, म्हणजे स्लॅबकडे, उतार द्या. तिसरी, पाणी काढणारा पाइप जिथे कठड्यातून बाहेर जातो ती जागा. चौथी, वरचा मजला 'कधीतरी' चढवायचा म्हणून सोडून दिलेल्या सळया.

कठडाच नसलेल्या घरात प्रश्न वेगळा असतो. तिथे पाणी स्लॅबच्या जाडीवरून वळून खालच्या बाजूने भिंतीपर्यंत सरपटत येतं. नुसती वरून पट्टी मारून हे थांबत नाही. त्यासाठी टप्पा ६ बघा.

तपासा: स्लॅबवर दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. दहा फुटांना सव्वा ते दीड इंच उतार हवा. पाणी कडेलाच डबकं करून बसत असेल तर आधी उतार दुरुस्त करा. डबक्याखाली मेम्ब्रेन किती दिवस टिकेल, याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

## २. दिवस आणि वेळ

बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. लोक हे काम मृगाच्या तोंडावर काढतात. तेव्हा सकाळी स्लॅब तापलेला असतो आणि संध्याकाळी वादळी सर येते, त्यामुळे कामाला नीट वेळच मिळत नाही.

या पट्टीला डांबरात रबर मिसळलेला थर असतो. बहुतेक मालाच्या वेष्टनावर ५ ते ४० अंशांच्या दरम्यान लावायला सांगितलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे हवाच ४५ अंशांच्या वर जाते. स्लॅब त्याहूनही तापलेला असतो, हात टेकवत नाही. अशा वेळी डांबर मऊ होतं, उभ्या भिंतीवरून पट्टी घसरते आणि एकदा चिकटलेली चुकीची पट्टी सोडवताना फाटते. उलट डिसेंबरच्या सकाळी गोंदियाकडे पारा दहाच्या खाली असतो. तेव्हा पट्टी कडक होते आणि दाबूनही बसत नाही. शिवाय दव असतं.

माझ्या मते सगळ्यात बरे दिवस दिवाळीनंतरचे, फेब्रुवारीपर्यंतचे. थंडीत सकाळी दहा ते चार. मार्चमध्ये करायचं तर सकाळी लवकर, दव वाळल्यापासून अकरापर्यंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट होते, म्हणून काम काढण्याआधी तीन-चार दिवसांचा अंदाज बघा. एप्रिलमध्ये गच्चीवर कुरड्या, पापड आणि मिरच्यांचं वाळवण सुरू होतं. प्रायमरचा, म्हणजे पट्टीआधी स्लॅबला मारायच्या पातळ थराचा, वास त्यात गेला तर घरात तुमचं काय होईल ते मी सांगायला नको.

आणि पाऊस सुरू झालाच असेल तर? तर ताडपत्री टाका आणि दिवाळीची वाट बघा. ओल्या स्लॅबवर पट्टी चिपकवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणंच.

## ३. सामान घेताना

पट्टी दोन प्रकारची मिळते आणि दोन्ही वरवर सारख्याच दिसू शकतात. फरक पाठीवर आहे. एका पट्टीच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. ती उन्हात उघडी राहिली तरी चालते. दुसरीच्या पाठीवर प्लास्टिकची फिल्म असते. ती झाकण्यासाठीच बनवलेली असते आणि साधारण महिनाभरात तिच्यावर थर टाकावा लागतो. पहिल्या घरी मी ही दुसरीच आणली होती. दुकानदाराने 'दोन्ही एकच आहे भाऊ' म्हटलं आणि मी मानलं. एका उन्हाळ्यात फिल्म पापडासारखी तडकली. खालचं डांबर उघडं पडलं आणि त्यालाही भेगा गेल्या.

नियम सोपा आहे: उघडी ठेवायची तर अ‍ॅल्युमिनियमची घ्या, वर सिमेंटचा थर टाकायचा तर फिल्मची. अ‍ॅल्युमिनियमवर ओलं सिमेंट टाकू नका, ओल्या सिमेंटचा क्षार त्याला खातो.

जाडी १.५ मिलिमीटर बरी. रुंदी सांध्यासाठी ३० सेंमी. बाजारात १० सेंमीची स्वस्त पट्टी मिळते. ती पाइपला किंवा टिनाच्या खिळ्याला ठीक, कठड्याच्या सांध्याला नाही.

मोजमापाचं उदाहरण घ्या. २० फूट बाय १४ फूट घराचा घेर ६८ फूट, म्हणजे साधारण २१ मीटर. जोड, कोपरे आणि नासधूस धरून २५ मीटर पट्टी घ्या. प्रायमर एका लिटरला चार-पाच चौरस मीटर जातं. इथे साडेसात चौरस मीटर भरतात, म्हणून दोन लिटर आणा. खडबडीत स्लॅब जास्त पितो.

बाकी सामान: तारेचा ब्रश, छिन्नी, ब्लीचिंग पावडर, पॉलिश पेपर, कात्री आणि कटर, दोरी व गेरू, लाकडी किंवा रबरी हातरोलर, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे फटी भरायची लवचीक पेस्ट, अ‍ॅल्युमिनियमची चपटी पट्टी, स्क्रू-गुट्टी. रोलर मिळत नाही म्हणून घरातलं लाटणं नेऊ नका, ते परत स्वयंपाकघरात येणार नाही. गुळगुळीत लाकडी दांड्याला फडकं गुंडाळलं तरी भागतं.

सीलंट घेताना वास बघा. सिरक्यासारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर आणि डांबरावर नीट धरत नाही.

तपासा: रोलवर बनवल्याची तारीख बघा. एक हात उलगडून चिकट बाजूचा कागद सोलून बघा. कागद फाटत असेल किंवा डांबर कागदालाच राहत असेल तर तो रोल उन्हात पडलेला आहे. घेऊ नका. घरी आणल्यावर रोल उभा आणि सावलीत ठेवा.

## ४. कड तयार करणे

सगळ्या कामातला मोठा वेळ इथेच गेला पाहिजे. मिस्त्रीला इथे घाई असते, कारण या मेहनतीचे पैसे दिसत नाहीत. पाहिजे तर या टप्प्याची मजुरी वेगळी ठरवा, पण तो गाळू देऊ नका.

खरवडणे. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून स्लॅबवर चुना मारायची पद्धत आपल्याकडे आहे. चांगलीच आहे, पण चुन्याचा थर म्हणजे भुकटी. तिच्यावर चिकटलेली पट्टी भुकटीसकट निघते. पट्टीच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त जागेवरचा चुना तारेच्या ब्रशने अस्सल सिमेंट दिसेपर्यंत काढा. जुनं डांबर, सुटं प्लास्टर, रंगाच्या पोपड्या, सगळं काढा. प्लास्टरवर छिन्नीच्या दांड्याने ठोका. पोकळ आवाज आला तर तो भाग फोडून नवा करा.

शेवाळ. काळी बुरशी आणि शेवाळ नुसतं घासून जात नाही. ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा, अर्धा तास ठेवा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. मग कडक उन्हात तीन-चार दिवस वाळू द्या.

तडे. स्लॅब दिवसरात्र आणि ऋतूंप्रमाणे आकसतो-पसरतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर २० फुटी स्लॅब जवळपास ३ मिलिमीटर हलतो. विटांचा कठडा त्याच्या निम्माच हलतो. म्हणून सांध्याला तडा जातो आणि नुसतं सिमेंट भरलं की पुढच्या वर्षी तो पुन्हा उघडतो. तडा छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखा उघडा, धूळ काढा आणि पीयू सीलंट भरा. स्लॅबवरच्या सरळ तड्यावर एक युक्ती आहे. पट्टी लावण्याआधी तड्यावर पाच सेंमी रुंद कागदी पट्टी ठेवा, मेम्ब्रेनच्या चिकट बाजूचा सोललेला कागद चालतो. तेवढ्या जागी मेम्ब्रेन चिकटणार नाही आणि तडा हलला की तिला ताणायला जागा राहील.

गोला. कठडा आणि स्लॅब यांचा काटकोन मेम्ब्रेनला सोसत नाही. कोपऱ्यात पट्टी अधांतरी राहते आणि तिथेच फाटते. म्हणून सिमेंट-रेती १:३ चा, साध्या पाण्याऐवजी लॅटेक्स (दुधासारखं रबरी द्रव) मिसळलेल्या पाण्याने कालवलेला, ४ ते ५ सेंमीचा गोला मारा. काही ठिकाणी याला वाटा म्हणतात. बाटलीने किंवा पाइपच्या तुकड्याने तो गोलसर ओढा.

थांबा: गोला सकाळी आणि पट्टी संध्याकाळी, हे गावात सर्रास चालतं. गोल्याला सात दिवस पाणी मारायचं, मग आणखी आठ-दहा दिवस वाळू द्यायचं. नवा स्लॅब असेल तर ओतल्यापासून निदान २८ दिवस. ओलावा आत अडकला की ऊन लागताच वाफ होते आणि पट्टीला फुगे येतात.

तपासा: खताच्या पोत्यातलं प्लास्टिक चालेल. दीड फूट बाय दीड फूट तुकडा स्लॅबवर ठेवा, चारी बाजू टेपने बंद करा आणि निदान १६ तास सोडा. उचलल्यावर खाली घाम दिसला किंवा स्लॅब काळपट झाला असेल तर अजून वाळायचं आहे. हे प्रत्येक बाजूला वेगळं करा. उत्तरेची कड दक्षिणेपेक्षा उशिरा वाळते.

## ५. प्रायमर

शेवटचं झाडून घ्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. हात फिरवल्यावर बोट पांढरं होता कामा नये.

प्रायमर पातळ आणि सारखं लावा. डबकी राहू देऊ नका. जाड थर लवकर वाळत नाही आणि पट्टी त्यावर सरकते. बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला काळं येणार नाही, तोवर थांबा. वेष्टनावरचा वेळ घड्याळाचा नसतो, हवेचा असतो. थंडीत दुप्पट लागू शकतो.

जेवढं आज झाकणार तेवढंच लावा. रात्रभर उघडं राहिलेल्या प्रायमरवर धूळ बसते, विशेषतः तूर-सोयाबीनची मळणी चालू असेल तेव्हा. राहिलंच तर दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा एक हात मारा.

धोका: प्रायमर घट्ट वाटलं म्हणून त्यात डिझेल-पेट्रोल ओतू नका. पट्टीचं डांबर त्याने विरघळतं. हात धुवायला घेतलेलं डिझेलही स्लॅबवर सांडू देऊ नका. बिडी-सिगारेट खाली उतरून.

## ६. कठडा नसेल तर आधी पत्र्याची एल पट्टी

कठडा असलेल्यांनी थेट टप्पा ७ वर जावं.

पाण्याने कडेवरून सरळ खाली पडलं पाहिजे, भिंतीकडे वळता कामा नये. त्यासाठी जस्ताच्या पत्र्याची एल पट्टी वाकवून घ्या. तालुक्याला पत्रा वाकवणारे करून देतात. वरची बाजू १० सेंमी, खाली उतरणारी ५ ते ७ सेंमी, आणि खालचं टोक सव्वा सेंमीभर बाहेरच्या बाजूला तिरकं. या तिरक्या टोकासाठीच सगळा खर्च आहे. ते सरळ ठेवलं तर पाणी पुन्हा भिंतीकडे येतं.

एल पट्टीखाली सीलंटची सलग रेघ ओढा, पट्टी बसवा आणि वरच्या बाजूने एक-एक फुटावर गुट्टी घालून स्क्रू मारा. दोन तुकड्यांत ५ सेंमी जोड द्या. तिथे पत्रा रिव्हेटने जखडू नका, उन्हात त्याला सरकायला जागा हवी.

आता महत्त्वाचं. मेम्ब्रेन या पत्र्याच्या वर येते, खाली नाही. पट्टी पत्र्याच्या वरच्या बाजूवर चिकटवा, स्क्रूची डोकी झाका आणि कडेपासून बोटभर आत थांबा. उलट केलं, म्हणजे आधी मेम्ब्रेन आणि तिच्यावर पत्रा, तर पाणी पत्र्याखाली शिरून स्क्रूच्या भोकांतून स्लॅबमध्ये उतरतं. कवेलू शाकारताना वरचं कवेलू खालच्यावर चढतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

चारी बाजूंनी पाणी पडू द्यायचं नसेल तर शेताच्या धुऱ्यासारखा तीन-चार इंचांचा बांध कडेने घाला आणि पाणी पाइपने एका बाजूला काढा. मग ते काम कठड्यासारखंच समजा. ज्या घराचा पाया काळ्या मातीत आहे त्यांनी हेच करावं असं मला वाटतं. पाइपचं पाणी पायव्यापासून लांब नेता येतं.

## ७. पट्टी लावणे

१. सुरुवात सगळ्यात खालच्या जागेपासून, म्हणजे पाइपच्या तोंडापासून करा आणि उताराच्या उलट दिशेने वर जा. प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्यावर चढेल आणि वाहतं पाणी जोडावरून सरकून जाईल.

२. गेरूत भिजवलेल्या दोरीने सरळ रेघ मारा, एक स्लॅबवर आणि एक भिंतीवर. कठड्यावर पट्टी निदान १५ सेंमी चढली पाहिजे, स्लॅबवरही तितकीच उतरली पाहिजे.

३. दीड-दोन मीटरचे तुकडे कापा. दहा मीटरचा लांबच्या लांब तुकडा दोन माणसांनाही सरळ बसवता येत नाही. वाकडा गेला की ओढून सरळ करायचा मोह होतो, आणि ओढलेली पट्टी उन्हात आकसून जोड उघडते.

४. कागद न काढता तुकडा जागेवर ठेवून बघा. मग अर्ध्या रुंदीचा कागद सोला, आधी स्लॅबची बाजू चिकटवा. त्यानंतर उरलेला कागद सोलत गोल्यात दाबत भिंतीवर चढवा. गोल्यात बोटाने चाचपून बघा, खाली पोकळी राहता कामा नये.

५. रोलर मधून कडेकडे, जोर लावून फिरवा. ही पट्टी दाबानेच धरते. नुसता हात फिरवून ती चिकटल्यासारखी वाटते आणि इथेच लोक फसतात. जोडावर रोलर दोनदा फिरवा.

६. टोकाचा जोड १५ सेंमी. लांबीने दोन पट्ट्या शेजारी येत असतील तर त्यांचा जोड निदान चार बोटं, म्हणजे साडेसात-आठ सेंमी.

धोका: सोललेला कागद लगेच पोत्यात घाला. तो तेलकट-गुळगुळीत असतो. कठडा नसलेल्या स्लॅबवर त्याच्यावर पाय पडला की माणूस थेट खाली. कडेला बसून काम करा, कडेकडे तोंड करून. पाठ करून मागे सरकू नका. घरावरून विजेची तार जात असेल तर पत्र्याचा लांब तुकडा वर नेताना आधी वर बघा.

चूक दुरुस्त करताना: फुगा आला तर तो आडवा-उभा कापा, हवा काढा, दाबा आणि सगळ्या बाजूंनी १० सेंमी मोठं ठिगळ वरून लावा. ठिगळाचे कोपरे कात्रीने गोल करा. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो.

## ८. कोपरे, पाइप आणि सळया

कोपरे. लांब पट्टी कोपऱ्यातून वळवत नेऊ नका. आतल्या कोपऱ्यात आधी १५ सेंमीचा चौकोनी तुकडा बसवा, मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याच्यावर येऊन संपवा. बाहेरच्या कोपऱ्याला पट्टी कापावी लागते आणि नेमक्या टोकावर उघडं राहतं. तिथे वरून एक गोल ठिगळ लावा.

पाइप. बऱ्याच घरांत पाइप स्लॅबपेक्षा अर्धा इंच वर बसवलेला असतो, आणि पाणी तेवढं वर्षानुवर्षं तिथे साचतं. पाइप काढून खाली बसवा, दुसरा इलाज नाही. मग पाइपचं आतलं तोंड पॉलिश पेपरने घासा, प्रायमर लावा आणि पट्टी पाइपच्या आत वळवा. पाइपच्या काठाशी पट्टी संपवली तर पाणी काठाखालून शिरतं. बाहेर पाइप भिंतीपासून निदान सहा इंच पुढे आला पाहिजे. छोट्या घरालाही दोन पाइप ठेवा. कडुनिंबाची पानं एक तरी बुजवतातच.

सळया. उद्याच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गंजतात, गंज फुगतो, भोवतीचं काँक्रीट तडकतं आणि सळईच्या अंगाने पाणी कॉलममध्ये उतरतं. गंज घासा, गंजरोधक रंग मारा. बुंध्याभोवती सिमेंटचा उतरता गोला करा, तो पूर्ण वाळल्यावर मेम्ब्रेनच्या अरुंद पट्टीने सळई खालून सहा इंच गुंडाळा आणि वरच्या टोकाला सीलंट लावा. आणि मजला खरंच चढवायचा आहे का, याचा एकदा घरात बसून निकाल लावा. पंधरा वर्षं उभ्या असलेल्या सळया कोणाच्याच कामाच्या राहत नाहीत.

डिश किंवा सोलरचा स्टँड कडेला बसवायचा असेल तर तो मेम्ब्रेनच्या आधी. लावलेल्या पट्टीत ड्रिलचं भोक पाडणारा माणूस प्रत्येक गावात असतो.

## ९. वरचं टोक बंद करणे

कठड्यावर चढवलेल्या पट्टीचं वरचं टोक नुसतं चिकटवून सोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. भिंतीवरून येणारं पाणी तिथेच पट्टीच्या मागे शिरतं.

दोन रीती आहेत. पट्टी लावण्याआधी भिंतीत सव्वा ते दोन सेंमी खोल खाच कापून ठेवायची, टोक तिच्यात घालायचं आणि पीयू सीलंटने खाच भरायची. किंवा टोकावर अ‍ॅल्युमिनियमची चपटी पट्टी ठेवून फुटा-फुटाला स्क्रू मारायचे आणि तिच्या वरच्या काठावर सीलंटची रेघ ओढायची. खाच जास्त टिकते. पण कठडा चार इंची विटेचा आणि कच्चा असेल तर कटर चालवू नका, चपटी पट्टीच बरी.

फिल्मवाली मेम्ब्रेन लावली असेल तर पाण्याची परीक्षा झाल्यावर तिच्यावर जाड कापडी थर आणि त्यावर सिमेंट-रेतीचा थर टाका. उभ्या भागावर सिमेंट फिल्मला धरत नाही. तिथे आधी कोंबडी-जाळी लावा, पण जाळीचे खिळे मेम्ब्रेनमधून नाही, तिच्या वरच्या टोकाच्याही वर, उघड्या भिंतीतच मारा.

अ‍ॅल्युमिनियमची उघडी ठेवणार असाल तर वानरांचा विचार करा. चमकणारं, किंचित उचललेलं टोक त्यांना दिसलं की ते ओढल्याशिवाय सोडत नाहीत. सगळी टोकं दाबलेली आणि गोल कापलेली असतील तर त्यांच्या हाताला काही लागत नाही.

## १०. पाण्याची परीक्षा

पट्टी लावून एक दिवस गेल्यावर करा. पावसाची वाट बघू नका.

कठडा असेल तर पाइपची तोंडं बंद करून इंचभर पाणी भरा आणि २४ तास ठेवा. २५ चौरस मीटरवर इंचभर पाणी म्हणजे ६०० लिटरच्या वर, तेवढ्याच किलोचं वजन. जुना, सळया दिसणारा स्लॅब असेल तर पाणी भरू नका, पाइपने धार सोडून तपासा.

धारेची परीक्षा खालून वर करा. आधी पाइपच्या तोंडावर १०-१५ मिनिटं, मग सांध्यावर, मग पट्टीच्या वरच्या टोकावर, शेवटी कठड्याच्या माथ्यावर. प्रत्येक वेळी एक माणूस आत छताकडे बघत उभा ठेवा. थेट वरून सुरुवात केली तर ओल आली तरी कोणत्या जागेमुळे ते कळत नाही. कठडा नसलेल्या घरात बाहेर उभं राहून बघा: पाणी एल पट्टीच्या तिरक्या टोकावरून सुटून पडतंय का, की भिंतीला लागतंय.

## टिनाचं छप्पर असेल तर

टिन स्लॅबपेक्षा जास्त तापतं, म्हणून तिथे डांबरी पट्टीपेक्षा ब्युटाइल रबराची पट्टी घ्या. गंज घासून जस्ताचा प्रायमर मारा, तेलकटपणा पुसून काढा. टिन भिंतीला जिथे भिडतं तिथे पट्टी ताणून लावू नका, मधे बोटभर सैल घडी ठेवा, कारण वारा आला की टिन हलतं. भिंतीत खाच, खाचेत टोक, वरून सीलंट, हे इथेही तसंच. नालीच्या खोलगट भागात पट्टी बोटाने दाबत न्या, नाहीतर प्रत्येक नालीत एकेक बोगदा राहतो. स्क्रू नालीच्या माथ्यावर आणि रबरी वॉशरसह असावेत. खोलगट भागात मारलेला स्क्रू कोणतीही पट्टी वाचवू शकत नाही.

## लावल्यानंतर

पहिल्या उन्हाळ्यानंतर, मे संपताना, एकदा वर चढा. हाताने सगळे जोड चाचपा. उचललेलं टोक दिसलं तर सकाळच्या थंड वेळी पुसून, प्रायमर लावून, रोलरने दाबा. सीलंटची रेघ तडकली असेल तर जुनी पूर्ण कापून नवी भरा, जुनीवर नवी ओढू नका. पाइपची तोंडं मृगाआधी एकदा आणि पहिल्या वादळानंतर एकदा साफ करा.

पट्टीवर पऱ्हाटीच्या मोळ्या टाकू नका, कूलरचा लोखंडी स्टँड उभा करू नका. ठेवायचाच असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे द्या. कूलरचं वाहतं पाणी पट्टीवर सोडलंत तर खारा थर साचतो आणि जोड कुठे आहे तेच दिसेनासं होतं.

उरलेला मीटर-दोन मीटर तुकडा सावलीत, कागदासकट गुंडाळून ठेवा. ठिगळ लावायची वेळ आली की तोच माल हाताशी असतो.